बोळातली झळ

योगिता फिरकेच्या घरावरचा भला मोठा पडदा खाली पडला तेव्हा सगळी शारदानगर कॉलनी टाळ्या वाजवत होती. हेमांगी बऱ्हाटेही वाजवत होती, पण तिचं लक्ष होतं दोरीकडे. ‘तुमच्या घरी दिवाळी’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाच्या लोकांनी रस्त्यात पिवळी दोरी ताणली होती. दोरीच्या आत योगिता, तिची नऊ वर्षांची ईश्वरी, गोडबोल्या निवेदक आणि कॅमेरे. दोरीच्या बाहेर बाकीचं जग. हेमांगीचं घर अगदी शेजारचं, मधे फक्त दीड हाताचा बोळ. त्यामुळे दोरी नेमकी तिच्या फाटकावरून गेली होती आणि आठवडाभर तिला स्वतःच्याच घरात वाकून शिरावं लागलं होतं.

पडद्यामागचं घर दिसलं आणि टाळ्या क्षणभर थांबल्याच. पोपडे उडालेल्या भिंतींच्या, पत्र्याच्या छपराच्या त्या दोन खोल्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. कारखान्यात तयार करून आणलेल्या भिंती जोडून तिथे दुधासारखं पांढरं घर उभं केलं होतं. रस्त्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर गच्ची, गच्चीवर हिरवळ आणि हिरवळीवर झोपाळा. बोळाचं तोंडसुद्धा नक्षीदार फळीने बंद करून टाकलं होतं, कारण तिथली ओल आणि लोंबणाऱ्या केबली कॅमेऱ्याला बऱ्या दिसत नव्हत्या. योगिता तोंडावर हात ठेवून रडायला लागली. जमलेल्या बायकांनी डोळे पुसले. हेमांगीच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे तिला त्या वेळी नीटसं कळलं नाही.

घर खरं तर ईश्वरीसाठी होतं. ती जन्माला आली तीच घामाच्या ग्रंथींशिवाय. आपलं अंग तापलं की घाम फुटतो आणि वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जातो. ईश्वरीच्या शरीरात ही सोयच नव्हती. उन्हात जाणं तर सोडाच, दुपारी बंद खोलीत नुसती बसली तरी तिला ताप चढायचा, डोळे लाल व्हायचे आणि कधी कधी झटके यायचे. आणि गाव भुसावळ. अलीकडच्या वर्षांत मे महिन्यात पारा पन्नाशीला टेकायचा, शाळा पहाटे भरून सकाळीच सुटायच्या, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही.

ईश्वरी दोन वर्षांची असताना तिचे वडील अपघातात गेले. योगिता पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली आणि मुलगी हेमांगीकडे राहायला लागली. हेमांगी घरीच शिवणकाम करायची. तिचा स्वतःचा मुलगा तन्मय शिकायला नाशिकला होता. कूलरसमोर ओली चादर टांगायची, थोड्या थोड्या वेळाने पोरीच्या अंगावर पाणी शिंपडायचं, हाताची पालथी बाजू तिच्या मानेला लावून ताप बघायचा, असे तिचे उन्हाळे गेले. एका वर्षी तिने डोकं लढवून ईश्वरीसाठी मलमलचं जॅकेट शिवलं. त्याला आतून छोटे छोटे खिसे होते आणि प्रत्येक खिशात बर्फाची पिशवी बसायची. ते घालून ईश्वरी पहिल्यांदा संध्याकाळी अंगणात खेळली. त्या संध्याकाळी हेमांगीला वाटलं होतं की आपण जन्मात काहीतरी केलं.

पडदा पडण्याआधी, घर गार ठेवणारं यंत्र बसवायला ते बनवणाऱ्या कंपनीकडून केतकी सोमण नावाची तरुण इंजिनिअर आली होती. तिने ईश्वरीला एक जाड रबरबँड दिला, झटकन ताणायला लावला आणि ओठाला टेकवायला सांगितला. तो कोमट लागला. मग तसाच ताणून थोडा वेळ थांबायला सांगितलं, आणि सैल सोडून परत ओठाला लावला तर गार. केतकीने सांगितलं की काही धातूही असेच वागतात. निकेल आणि टायटॅनियम मिसळून केलेली तार ताणली की तापते. ती उष्णता बाहेर काढून टाकायची आणि तार सैल सोडायची, की ती खोलीपेक्षाही गार होते. अशा हजारो तारा या घराच्या भिंतींत होत्या आणि रात्रंदिवस ताणल्या-सोडल्या जात होत्या. एसीसारखा गॅस नाही, आवाज नाही, वीजही थोडीच. शिवाय भिंतींना असं अस्तर दिलं होतं की उष्णता आतून बाहेर जाईल, पण बाहेरून आत येणार नाही. हेमांगी दोरीपलीकडून हे ऐकत होती. तिने विचारलं, की बाहेर काढलेली उष्णता जाते कुठे. केतकी काही बोलणार तेवढ्यात निवेदकाने तिला पुढच्या शॉटसाठी हाक मारली.

कार्यक्रम टीव्हीवर लागला त्या दिवशी योगिताने सगळ्या कॉलनीला घरी बोलावलं. हेमांगी ठेवणीतली साडी नेसून पुढे बसली. कार्यक्रमाच्या लोकांनी तिलाही कॅमेऱ्यासमोर उभं करून बरंच बोलतं केलं होतं, त्यामुळे तिने नाशिकला तन्मयला, यावलला माहेरी, सगळीकडे कळवून ठेवलं होतं. बाहेर अजून उकडत होतं आणि आत इतकं गार होतं की म्हाताऱ्यांनी शाली मागितल्या.

पडद्यावर ईश्वरी आली, तिचा आजार आला, जुनं घर आलं. मग योगिता ते मलमलचं जॅकेट मांडीवर घेऊन बसलेली दिसली आणि निवेदकाचा भरून आलेला आवाज म्हणाला की लेकीसाठी रात्र रात्र जागून या माउलीने हे शिवलं. योगिताने जॅकेटवरून हात फिरवला, खाली बघितलं आणि म्हणाली, “आम्हाला कुणीच नव्हतं.”

हेमांगी पुढे बघत राहिली. कार्यक्रम संपला. ती त्यात कुठेच नव्हती. गॅसवर दूध आहे असं सांगून ती उठली आणि बाहेरच्या उकाड्यात आली, तेव्हा मागे पुन्हा टाळ्या पडत होत्या.

त्यानंतर ती योगिताशी भांडली नाही. भांडली असती तर कदाचित बरं झालं असतं. तिने फक्त जाणं बंद केलं. भरीत केलं की पहिली वाटी योगिताकडे जायची, ती जाईना. ईश्वरीलाही आता यायचं कारण उरलं नव्हतं. शाळेतून आली की ती गार घरात शिरायची ती दुसऱ्या दिवशीच बाहेर पडायची. शिवणयंत्र रस्त्याकडे पुढे आलेल्या ओसरीवर होतं, त्यामुळे तिथे बसलेल्या हेमांगीला शेजारच्या काचेचा एक कोपरा दिसायचा. तिथे ईश्वरी जमिनीवर पालथी पडून चित्रं काढायची. कधी तिच्या मैत्रिणी असायच्या. कधी लांबून लांबून घर बघायला आलेले लोक असायचे आणि योगिता त्यांना भिंतीला हात लावून दाखवायची. हेमांगी मुद्दाम मान फिरवून बसायची, आणि मग टाके वाकडे पडायचे. आपल्या घराची फरशी, आपला गंजका कूलर, आपली खिडकी, जे जे इतकी वर्षं तिला पुरेसं वाटत होतं ते डोळ्यांत खुपायला लागलं. सगळ्यात जास्त खुपायचं ते हे, की कार्यक्रम खोटा नव्हता. ईश्वरीला त्या वर्षी होळीपासून एकदाही ताप आला नव्हता. हेमांगीला जे इतक्या उन्हाळ्यांत जमलं नाही ते तारांनी एका आठवड्यात करून दाखवलं होतं.

त्याच होळीपासून बोळाकडची भिंत तापायला लागली.

त्या भिंतीला हेमांगीच्या सासऱ्यांची, अण्णांची खाट होती. अण्णा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. बोळात ऊन कधी उतरत नसे, म्हणून घरातली तीच भिंत सगळ्यांत गार. अण्णा दुपारी तिला पाठ लावून रेडिओ ऐकायचे. आता ती सकाळीच कोमट असायची आणि दुपारी हात टेकवत नसे. बोळाकडची खिडकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखा झोत यायचा. हेमांगीने नवऱ्याला, भूषणला सांगितलं. तो लोको शेडमधून दमून आलेला असायचा. ऊनच वाढलंय सगळीकडे, म्हणाला. तिने शेजारणींना सांगितलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. झळ भिंतीला नाही, हिलाच लागलीय, असं कुणीतरी पाठीमागे म्हणालं आणि ते फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं.

शेवटी ती योगिताकडे गेली. दारातच उभी राहून म्हणाली की तुझ्या यंत्राने माझं घर तापतंय. योगिताने तिला आत ये म्हटलं नाही. शांतपणे विचारलं, “हेमा, खरं सांग. माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही का?”

हेमांगीला ते बघवत नव्हतंच. ती परत आली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. क्षणभर तिला खरंच कळेना, की तापलंय ते काय.

कंपनीची तक्रारींसाठी हेल्पलाइन होती. तिथे माणूस नव्हता, यंत्रच बोलायचं, पण इतकं आपुलकीने की खरं माणूस वाटावं. त्याने हेमांगीचं सगळं ऐकून घेतलं, तिच्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त केला आणि तक्रार बंद केली. तिने पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला, योगिताबद्दलही ती बरंच बोलून गेली. यंत्राने तेही शांतपणे ऐकून घेतलं.

मे महिन्यात एका दुपारी ती अण्णांना ताक द्यायला गेली तर ते खाटेवर तिरके पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट उघडे, तोंडातून शब्द येईना. त्यांना ऊन लागलं होतं, घरात, खाटेवर पडल्या पडल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी बर्फात ठेवून त्यांना वाचवलं. पण घरी आले ते आधीचे अण्णा नव्हते. बोलता बोलता त्यांना शब्द सापडायचे नाहीत. रेडिओकडे बोट दाखवून ते “ते… ते…” करत राहायचे आणि मग ओशाळून हसायचे. त्यांची खाट आता दुसऱ्या खोलीत हलवली होती.

अण्णा घरी आले त्या दिवशी भूषणनेही भिंतीला हात लावला. पण तो भित्रा माणूस. टीव्हीवाल्यांशी कोण भांडणार, म्हणाला. तन्मय आला की बघू, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूषण कामावर गेलेला, अण्णा झोपलेले. योगिता ईश्वरीला तपासणीसाठी जळगावला नेणार असल्याचं हेमांगीने सकाळी दूधवाल्याकडून ऐकलं होतं, आणि मघाशी गाडी गेल्याचा आवाजही आला होता. धुणं वाळत घालायला ती परसात गेली. बोळाचं मागचं तोंड परसाकडे उघडं होतं. आतून हवा अंगावर आली आणि तिच्या भुवया चरचरल्या. योगिताच्या भिंतीवर बोळाच्या बाजूने काळ्या पट्ट्यांची रांग होती आणि रांगेच्या या टोकाला एक करडी पेटी. पेटीवर लाल दांडा.

हेमांगीने हातातलं धुणं दोरीवर टाकलं, ओल्या टॉवेलने दांडा धरला आणि खाली ओढला.

काहीच झालं नाही. आधीही आवाज नव्हता, आताही नव्हता. पण काळ्या पट्ट्यांवरचा हिरवा दिवा विझला आणि तिला छातीत गार वाटलं. योगिता येईल, तिचं घर तापलेलं असेल, तिलाही एक दिवस कळेल. फक्त एक दिवस. ती आत येऊन शिवायला बसली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातून सरळ टाके पडले.

थोड्या वेळाने दोरा संपला म्हणून तिने मान वर केली. काचेच्या त्या कोपऱ्यात रंगीत खडू विखुरलेले होते आणि त्यांच्यामध्ये एक छोटा हात पडलेला होता.

जळगावच्या डॉक्टरांनी ऐनवेळी वेळ बदलली होती, हे तिला मागाहून कळलं. योगिता तासाभरासाठी लॅबमध्ये गेली होती. मुलगी घरात एकटी राहण्याची आता भीती नव्हती. पण ती मोठी काच होती पश्चिमेला तोंड करून. यंत्र चालू असताना काचेतून आलेलं ऊन ते बाहेर फेकत राहायचं. यंत्र थांबल्यावर तीच खोली उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीसारखी झाली होती. भिंतीचं अस्तर बाहेरची उष्णता आत येऊ देत नव्हतं हे खरं, पण काचेला अस्तर नव्हतं.

हेमांगी धावत गेली. नव्या दाराचं कुलूप योगिताच्या बोटाच्या ठशावरच उघडणारं, ते उघडेना. तिने हाका मारल्या. ईश्वरीने डोळे उघडले, पण उठली नाही. हेमांगी घरात गेली, स्वयंपाकघरातून वरवंटा उचलून आणला आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यावर घातला. पहिल्या घावाला ओरखडा उमटला. दुसऱ्या घावाला सगळी काच साखरेसारखी भुगा होऊन खाली आली. त्या भुग्यातून चालत जाऊन तिने पोरीला उचललं. ईश्वरीचं अंग तापून कोरडं ठणठणीत झालं होतं. स्वतःच्या न्हाणीघरात नेऊन तिने तिला टपात बसवलं, माठातलं पाणी ओतलं, फ्रिजमधला सगळा बर्फ ओतला आणि तिची मान हातावर धरून बसून राहिली. पोर जड झाली होती. शेवटचं तिला असं धरलं तेव्हा ती या टपात आडवी मावायची.

योगिता आली तेव्हा कॉलनी रस्त्यावर जमली होती. फुटलेली काच सगळ्यांनी बघितली होती आणि वरवंटा घेऊन धावणारी हेमांगीही बघितली होती. योगिता कुणाशी न बोलता सरळ न्हाणीघरात आली. ईश्वरी शुद्धीवर होती, ताप उतरत होता, ती बर्फाचा खडा चघळत होती. योगिताने मटकन खाली बसून मुलीचे पाय धरले आणि हेमांगीकडे बघून ती काही बोलणार होती. ते आभाराचं असणार हे हेमांगीला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि ते तिला सोसवलं नसतं.

“मशीन मीच बंद केली,” ती म्हणाली. “तुम्ही घरात नाही असं समजून. पण केली मीच.”

 योगिताने मुलीला ओल्या चादरीत गुंडाळून उचललं आणि ती निघून गेली. जाताना करड्या पेटीचा दांडा तिने स्वतः वर केला.

तिने पोलिसांत तक्रार दिली नाही. का दिली नाही हे कॉलनीला कळलं नाही, हेमांगीलाही नाही. फुटक्या काचेच्या जागी तिने ताडपत्री लावली. भूषण दोन दिवस बायकोशी बोलला नाही.

केतकी सोमण आली ती या सगळ्यानंतर. तिला कुणी बोलावलं नव्हतं. यंत्र भर दुपारी बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं, याची खबर यंत्रानेच तिला पुण्यात दिली होती. योगिताने तिला काय घडलं ते सांगितलं असावं, कारण ती थेट बोळात शिरली आणि तिथूनच घाम पुसत बाहेर आली. उष्णता दाखवणारा छोटा कॅमेरा तिच्या हातात होता. तिने हेमांगीला हाक मारली, योगिताला हाक मारली आणि परसात दोघींच्या मधे उभी राहिली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हेमांगीची भिंत पिवळीधमक दिसत होती.

तिने जे सांगितलं ते साधं होतं. उष्णता नाहीशी करता येत नाही, फक्त हलवता येते. मूळ आराखड्यात ती गच्चीवर जायची होती. तिथे खास पत्रे बसवायचे होते, ते उष्णता अशा किरणांच्या रूपाने सोडतात की ती हवेत न अडकता थेट वर, आकाशाच्या थंड पोकळीत निघून जाते. कुणाचंच काही तापत नाही. पण दिग्दर्शकाला गच्चीवर झोपाळा हवा होता. वरून उडता कॅमेरा घर दाखवणार तेव्हा लोकांना हिरवळ दिसली पाहिजे, पत्रे नाही, असं तो म्हणाला. आठवड्यात घर उभं करायचं होतं. मग पत्र्यांऐवजी बोळात पट्ट्या लावल्या. बोळातून वारा वाहील आणि उष्णता घेऊन जाईल असा हिशेब केतकीनेच मांडून दिला होता, मनाला पटत नसताना. आणि ती पुण्याला गेल्यावर कुणीतरी बोळाचं तोंड फळीने बंद केलं. वारा थांबला. योगिताची भिंत उष्णता परत आत घेणारी नव्हती. उरली समोरची एकच भिंत.

“मी किती वेळा फोन केले,” हेमांगी म्हणाली.

केतकीने कॅमेरा बंद केला. मग म्हणाली की तुमचे फोन माझ्यापर्यंत आलेच नाहीत. हेल्पलाइनचं यंत्र नुसते शब्द ऐकत नाही, आवाजही ऐकतं. राग, भीती, घाई ओळखतं आणि त्याप्रमाणे तक्रारी लावतं. अशा कार्यक्रमांनंतर शेजाऱ्यांचे फोन येतातच, म्हणून कंपनीने त्याला मत्सर ओळखायलाही शिकवलं होतं. आवाजात मत्सर आढळला की तक्रार आपोआप बंद. तिने काल हे उघडून बघितलं तेव्हा अशा बंद झालेल्या तक्रारी अनेक गावांतून आल्या होत्या.

“त्याने ओळखलं ते बरोबरच ओळखलं,” हेमांगी म्हणाली. “हेवा वाटतच होता मला. अजूनही वाटतो.” मग तिने भिंतीकडे बोट केलं. “पण ही तापत होती ना?”

“तापत होती,” केतकी म्हणाली. “दोन्ही खरं होतं.”

योगिता इतका वेळ लांब उभी होती. ती पुढे आली आणि तिने हेमांगीच्या भिंतीवर तळवा टेकवला. लगेच काढून घेतला. मग पुन्हा टेकवला आणि ओठ घट्ट मिटून तसाच दाबून धरला, हेमांगीने मनगट धरून ओढेपर्यंत.

“ते ‘कुणीच नव्हतं’ वाक्य माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं,” ती तळव्याकडे बघत म्हणाली. “पहिल्यांदा मी तुझं नाव घेतलं. दुसऱ्यांदाही घेतलं. ते म्हणाले, शेजारीण एवढं करतेय म्हटल्यावर लोकांना आमची गरज वाटणार नाही. चौथ्यांदा मी घर बघितलं डोळ्यांसमोर, आणि म्हटलं.”

“मला सांगायचंस तरी.”

“कुठल्या तोंडाने सांगू? तू यायची बंद झालीस तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं.”

हेमांगीने तिचं मनगट सोडलं.  माफ करण्याइतकं मन अजून मऊ झालेलं नव्हतं, आणि समोरचीही आपल्याला माफ करून उभी नाही हे तिला दिसत होतं.

पट्ट्या काढून गच्चीवर पत्रे बसवले तर सगळं सुटण्यासारखं होतं. अडचण होती करारात. वर्षभराने कार्यक्रमाचे लोक पुन्हा चित्रीकरणाला येणार होते आणि तोवर घराच्या दिसण्यात काहीही बदल करायचा नाही असं योगिताने लिहून दिलं होतं. केतकीने तिथूनच वाहिनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला की चित्रीकरण होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर यंत्र कमी वेगाने चालवा. म्हणजे ईश्वरीने तापायचं नाहीतर अण्णांनी. केतकीने फोन ठेवला आणि योगिताला स्पष्ट सांगितलं की बदल केलात तर फुकट देखभाल बंद करतील, आणि मी मदत केली तर मलाही कदाचित नोकरीत ठेवणार नाहीत.

योगिताने विचारलं, “पत्रे कुठे मिळतील?”

“गोदामात आहेत. तुमच्याच घराचे आहेत ते.”

योगिता घरात गेली, पदर खोचून आली आणि हेमांगीकडे पहार मागितली. भूषणची पहार होती, लोको शेडमधून आणलेली. नक्षीची फळी भिंतीत खिळ्यांनी ठोकलेली होती. योगिताने एका बाजूने पहार घातली, पण तिच्या एकटीच्याने फळी हलेना. हेमांगी बघत उभी राहिली. मग ती गेली आणि दुसऱ्या बाजूने लोंबकळली. फळी निघाली तेव्हा दोघी रस्त्यावर बसकन पडल्या आणि बोळातून कोंडलेली सगळी हवा त्यांच्या अंगावरून बाहेर गेली. समोरच्या बायका दारात येऊन बघत होत्या. कुणी हसलं नाही.

पत्रे आले तेव्हा झोपाळा काढावा लागला आणि हिरवळ गुंडाळून ठेवावी लागली. काळपट पत्र्यांनी गच्ची एखाद्या कारखान्यासारखी दिसायला लागली. चित्रीकरणाचा बेत वाहिनीने गुपचूप सोडून दिला. देखभालही बंद झाली. केतकीची नोकरी राहिली, पण तिला दुसऱ्या कामावर बदललं. जाण्याआधी तिने बंद झालेल्या तक्रारींतल्या काही घरांना स्वतः भेटी दिल्या, आणि जे दिसलं ते वरिष्ठांना लिहून कळवलं. त्याचं पुढे काय झालं ते शारदानगरपर्यंत आलं नाही. फक्त एवढं कळलं की त्या कार्यक्रमाच्या नव्या घरांना आता गच्चीवर झोपाळे नसतात.

जून उजाडला तरी पाऊस नव्हता. हेमांगीची भिंत पुन्हा पूर्वीसारखी झाली, म्हणजे गावातल्या इतर भिंतींइतकीच तापलेली. घर आधी होतं तसंच होतं आणि शेजारचं थंडगार होतं. जे अन्यायाचं होतं ते गेलं, उरला तो नुसता फरक. त्याबद्दल आता तक्रार करण्यासारखंही काही नव्हतं आणि तेच तिला अवघड जात होतं. अण्णांना मात्र योगिताने हट्टाने दुपारी आपल्याकडे नेऊन निजवायला सुरुवात केली. ईश्वरी त्यांना चित्र दाखवून शब्द विचारायची आणि ते अडखळत सांगायचे. रोज एखादा जास्त सापडायचा. त्यांना सोडायला हेमांगी दारापर्यंत जायची आणि उंबरठ्यावरून परत फिरायची.

एका दुपारी वीज गेली. हेमांगीचा कूलर थांबला. योगिताच्या घरात बॅटरी होती. ईश्वरी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की मावशी, आई म्हणतेय आत ये, नाहीतर ती तुला ओढून आणेल.

हेमांगी आत गेली. योगिता खाली चटई टाकून पडली होती, तिने डोळे न उघडता बाजूला सरकून जागा केली. अण्णा भिंतीकडे तोंड करून घोरत होते. हेमांगी आडवी झाली. पाठीखालची फरशी गार होती. छत नितळ पांढरं होतं, एकही डाग नव्हता, आणि ते बघून तिच्या मनात पुन्हा तेच जुने प्रश्न आले. असं छत आपलं का नाही? ही पोर आपली का नाही? तिने तो हेवा ओळखला आणि तो जाण्याची वाट बघितली. तो गेला नाही. ईश्वरी येऊन तिच्या दंडावर डोकं टेकवून झोपली. तिची मान गार होती.

हेवा तसाच होता, आणि त्याला कुशीला घेऊन हेमांगीला गाढ झोप लागली.